फिल्टर प्रेसचा दाब वाढवला, तरी पाणी का वाढत नाही?

ईटीपी_कुपवाड

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत एका दूध प्रक्रिया युनिटच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरणावर) शिफ्ट बघतो. शिक्षण डिप्लोमा केमिकल. एरेशन टँकमधला जादा स्लज (जिवाणूंचा गाळ) थिकनरमधून, म्हणजे तो घट्ट करणाऱ्या टाकीतून, फिल्टर प्रेसला जातो. तिथे प्लेटांमधल्या चेंबरमध्ये तो ढकलायचा आणि कापडातून पाणी काढायचं. चेंबर ३२ मिमीचे, फीडला स्क्रू पंप, त्याआधी पॉलीचं (गाळाचे गुच्छ बांधणाऱ्या पॉलिमरचं) डोसिंग.

त्रास असा आहे की सुरुवातीला सगळ्या नळांतून पाणी धो धो येतं, मग बघता बघता धार बारीक होते आणि शेवटी नुसते थेंब. पंप ४ किलोवर (दर चौरस सेंटीमीटरला) सेट होता. पंपवाला म्हणाला दाब कमी पडतोय, म्हणून ७ पर्यंत नेला. फरक नावाला. प्रेस उघडली की कापडालगतचा थर घट्ट आणि चिवट, आणि मधोमध स्लज जवळजवळ आत गेला तसाच पातळ. साहेबांचं म्हणणं कापड चोक झालंय, नवीन मागवा. नवीन कापड लावलं की थोडे दिवस बरं जातं, मग परत तेच.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. दाब पावणेदोन पट केला तर पाणीही पावणेदोन पट यायला पाहिजे ना? डार्सीचा नियम तर तेच सांगतो. मग तो वाढवलेला दाब जातो कुठे?

दगडवाला_सातारा

आमच्याकडे ग्रॅनाइट कटिंगचा चिखल असतो. ३ किलोचा ५ केला आणि बॅच सरळ लवकर भरायला लागली. तेव्हा दाबाने फरक पडत नाही हे मला पटत नाही. गेज कुठे बसवलाय? बऱ्याच ठिकाणी तो पंपाच्या तोंडाशी असतो आणि लाइनमध्येच दाब पडतो. स्क्रू पंपाचा स्टेटर झिजला असेल तरी हीच लक्षणं.

ईटीपी_कुपवाड

गेज प्रेसच्या फीडवरच आहे, आणि बदलून बघितलाय. स्टेटर मागच्या शटडाउनला नवीन टाकला.

जुना_केमिस्ट

दगडवाल्यांचं त्यांच्या चिखलापुरतं बरोबर आहे. ग्रॅनाइटचा कण कठीण. दाबला तरी दबत नाही आणि आपली जागाही फारशी सोडत नाही. तसल्या केकवर, म्हणजे कापडावर साठलेल्या थरावर, दाब दुप्पट केला की पाणीही दुपटीच्या आसपास जातं. तुझा स्लज म्हणजे जिवाणूंचे गुच्छ, त्यांच्याभोवती चिकट द्रव्य आणि बाकी सगळं पाणी. भार आला की त्याची रचनाच बदलते. असल्या केकला कॉम्प्रेसिबल केक म्हणतात, आणि तुझा त्यातही बऱ्यापैकी वाईट दिसतोय.

माझी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात, बॉयलिंग हाउसला, केमिस्ट म्हणून गेली. दुधाचा धंदा मला कळत नाही, पण मड (उसाच्या रसातून खाली बसलेला गाळ) कळतो, आणि आतलं गणित एकच आहे.

डार्सीने आपला नियम १८५६ साली मांडला, फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर लिहिताना. त्याचे प्रयोग वाळूवर होते. वाळूत पाणी जोराने ढकललं तरी वाळूच्या फटी तेवढ्याच राहतात, म्हणून दाब आणि प्रवाह यांचं सरळ प्रमाण टिकतं. तुझ्या केकमध्येही डार्सी खोटा पडत नाही. एकेका पातळ थराला तो लागूच असतो. फक्त त्या थराची पारगम्यता, म्हणजे पाणी जाऊ देण्याची क्षमता, दाबाबरोबर बदलत असते, आणि ते तू हिशोबात धरलेलं नाहीस.

आता केकच्या आत बघ. समज गेजवर ६ किलो आहेत. केकच्या बाहेरच्या तोंडाशी, जिथे ताजा स्लज येऊन बसतो, तिथे हे सगळे ६ किलो पाण्यात असतात. कणांच्या सांगाड्यावर काहीच भार नसतो. पाणी कणांमधून वाट काढत कापडाकडे निघालं की जाता जाता प्रत्येक कणाला पुढे रेटतं. या घर्षणात पाण्याचा दाब उतरत जातो, आणि जेवढा उतरतो तेवढा सांगाड्यावर चढतो. एक थर आपला भार पुढच्यावर टाकतो, तो त्याच्या पुढच्यावर. कुठल्याही थरात दोघांची बेरीज ६ किलोच. कापडाशी पोचेपर्यंत पाण्याचा दाब जवळपास संपलेला असतो आणि जवळजवळ सगळे ६ किलो सांगाड्यावर आलेले असतात.

म्हणून असला केक कधीच एकसारखा नसतो. कापडाशी सगळ्यात घट्ट, बाहेरच्या तोंडाशी स्लजइतकाच सैल. तुला प्रेस उघडल्यावर दिसतं ते हेच. चेंबरमध्ये दोन्ही कापडांवरून दोन केक वाढत येतात आणि त्यांची सैल तोंडं मधोमध समोरासमोर असतात. तिथला स्लज पातळ आहे कारण त्याच्यावर भार आलेलाच नाही.

थर दबला की वाट किती बुजते याचा अंदाज कोझेनी-कारमनच्या सूत्रावरून येतो. त्यात पारगम्यता ही सच्छिद्रतेच्या (मोकळ्या फटींच्या वाट्याच्या) घनाला कणांनी व्यापलेल्या उरलेल्या वाट्याच्या वर्गाने भागून मिळणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात असते. सच्छिद्रता ०.९ ची ०.८ झाली तर हा आकडा ७२.९ वरून १२.८ वर येतो, म्हणजे पावणेसहा पट घसरण. ०.६ झाली तर १.३५, म्हणजे चोपन्न पट. बायो स्लजला हे सूत्र जसंच्या तसं लावू नये, पण घसरण कसली असते ते कळायला पुरे.

एवढं धरलं की तुझ्या ७ किलोंचा पत्ता लागतो. वाढवलेला दाब पाण्याला ढकलायच्या आधी कापडालगतचा थर आणखी आवळतो, आणि मग त्याच थरातून जाताना खर्च होतो. बाकीच्या केकला त्याची खबरही नसते. एकूण दाबाचा मोठा हिस्सा एका पातळ कातडीत संपतो आणि उरलेला जाड केक नुसता तिच्यावर बसून राहतो.

आकड्यात हवं असेल तर असं. केकच्या सरासरी विशिष्ट रोधासाठी (केक पाण्याला किती अडवतो त्यासाठी) प्रयोगांवरून बसवलेलं सूत्र आहे: रोध हा दाबाच्या 'एस' घाताच्या प्रमाणात वाढतो. न दबणाऱ्या केकला एस शून्य. एस ०.३ असेल तर दाब दुप्पट केल्यावर, तेवढ्याच केकमधून, प्रवाह ६२ टक्के वाढतो. एस ०.८ असेल तर फक्त १५ टक्के. तुझं ४ वरून ७ घेतलं आणि एस ०.८ धरला तर वाढ १२ टक्क्यांच्या आसपास येते, आणि तेवढा फरक शिफ्टमध्ये कुणाच्या नजरेत भरत नाही. एस १ झाला की वाढ शून्य. ह्यूस्टन विद्यापीठातल्या फ्रँक टिलर यांनी फारच दबणाऱ्या केकना सुपर-कॉम्पॅक्टिबल म्हटलं. त्यांच्यात थोडाफार दाब ओलांडला की पुढे ना पाणी वाढतं, ना सरासरी केक कोरडा होतो. वीज तेवढी जाते.

आमच्या व्हॅक्यूम फिल्टरवर हे रोज दिसायचं. क्लॅरिफायरचा मड खूप दबणारा, म्हणून त्यात बगॅसिलो मिसळतात. उसाच्या चिपाडाचे ते बारीक तंतू सांगाड्याला आधार देतात आणि वाट उघडी ठेवतात. ड्रमला कापड नसतं, छिद्रं पाडलेली स्टीलची जाळी असते, आणि खरं गाळण बगॅसिलोच करतो. आता गंमत बघ. ड्रम मडात बुडालेला असताना, केक उचलताना, मुद्दाम कमी व्हॅक्यूम ठेवतात, पाऱ्याच्या २०० ते २५० मिमी. ड्रम मडातून वर आला, केक बसला, की धुवायला आणि सुकवायला ४५० ते ५०० मिमी. सीझनच्या तोंडाला आलेला नवा ऑपरेटर हमखास पिकअपचा व्हॅक्यूमही चढवायला जातो. मग पहिलाच थर जाळीवर घट्ट बसतो, केक पातळ येतो, वॉशचं पाणी आत शिरत नाही आणि केकचं पोल (त्यात राहिलेल्या साखरेचा आकडा) वाढतं. म्हणजे साखर प्रेसमडबरोबर ट्रॉलीत बसून शेतात जाते. हे पोल लॅबच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं, त्यामुळे लपवायची सोय नव्हती.

तू दुधाच्या धंद्यात आहेस म्हणून सांगतो. चक्का बांधताना बाई पुरचुंडी पहिल्याच मिनिटाला पिरगाळत नाही. आधी टांगते, पाणी आपल्या वजनाने जाऊ देते, वजन मागाहून ठेवते. प्रेसलाही तसंच चालव. पहिला स्लज १ ते दीड किलोच्या आत जाऊ दे आणि दाब हळूहळू चढव. पहिली कातडी सैल बसली तर पुढचा केक श्वास घेतो.

पण हा उपाय अर्धा आहे. खरा उपाय स्लजची रचना सुधारणं. त्यावर सावकाश लिहितो, आत्ता मिरजेला जायचंय.

दगडवाला_सातारा

काका, हे पटलं. आमच्या चिखलाला एस किती असेल?

जुना_केमिस्ट

मोजल्याशिवाय आकडा सांगत नाही. तुमचा अनुभव धरला तर कमीच. पण पाण्यात फिटकरी किंवा पीएसी (पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड) जास्त सोडायला लागलात तर तोही वाढेल. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा गाळ चांगलाच दबतो.

माती_आणि_पाणी

सिव्हिलला मृदा यांत्रिकी शिकवतो, कऱ्हाडला. केमिस्ट काकांनी मांडलेली 'दोन दाबांची बेरीज' आमच्याकडे टर्झागीची म्हणून ओळखली जाते. १९२० च्या दशकात त्यांनी ओल्या चिकणमातीसाठी तीच मांडणी केली: एकूण भारातून छिद्रांमधल्या पाण्याचा दाब वजा केला की मातीच्या सांगाड्यावरचा परिणामी भार मिळतो. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीवर इमारत हळूहळू खचते तेव्हा हेच होत असतं. भार आधी पाणी उचलतं, पाणी निघून जाईल तसा तो मातीवर उतरतो.

एक भर घालतो. पुस्तकातली साधी मांडणी असं धरते की केकच्या तोंडाशी जेवढं पाणी आत शिरतं तेवढंच कापडातून बाहेर पडतं. दबणाऱ्या केकमध्ये तसं नसतं. आतले थर दबत असतात, त्यांच्या फटीतलं पाणीही पिळून निघतं, आणि कापडाकडे जाताना प्रवाहात मिसळत जातं. म्हणून कापडाशी प्रवाह जास्त, तोंडाशी कमी. शिवाय कणही कापडाकडे सरकत असतात, त्यामुळे डार्सीच्या नियमात पाण्याचा नुसता वेग धरून चालत नाही, कणांच्या तुलनेत किती ते धरावं लागतं. पातळ स्लजला हा फरक दुर्लक्षिता येतो. घट्ट फीड असेल तर नाही.

आणि पिळून काढायला लागणारा वेळ पाण्याला जायच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. ३२ मिमीच्या चेंबरमध्ये पाणी दोन्ही बाजूंनी जातं, म्हणजे अंतर १६ मिमी. २५ मिमीचा चेंबर घेतलात तर साडेबारा. वेळ साधारण ६१ टक्क्यांवर येतो.

ईटीपी_कुपवाड

सर, काका, दोघांचेही आभार. चेंबर बदलणं माझ्या हातात नाही. एस मोजायचा कसा? लॅबमध्ये बुकनर फनेल (व्हॅक्यूमवर चालणारं गाळणं) आहे, पण त्यावर दाब कुठला येणार.

जुना_केमिस्ट

फनेलवर व्हॅक्यूमने १ किलोच्या वर जाता येत नाही, आणि तिथला आकडा ७ किलोपर्यंत ताणणं धोक्याचं. पॉलीचे डोस आपसात ताडून बघायला फनेल उत्तम. एससाठी प्रेसच वापर.

एक बादली, एक घड्याळ. दाब ३ किलोवर स्थिर झाला की तिथून वेळ आणि साठलेलं फिल्ट्रेट (गाळून आलेलं पाणी) लिहीत जा. वेळेला फिल्ट्रेटने भागायचं आणि ते फिल्ट्रेटसमोर आलेखावर मांडायचं. रेष सरळ यायला पाहिजे. तिचा चढ केकचा रोध सांगतो, आणि जिथे ती उभ्या अक्षाला छेदते तिथे कापडाचा रोध. लोकांना वाटतं केक दबणारा असला की रेष वाकडी होईल. होत नाही. दाब स्थिर असेल तर सरासरी रोधही जवळपास स्थिर राहतो. शेवटी रेष एकदम वर वळली तर समज दोन्ही केक मधे भेटले, चेंबर भरला. दाब स्थिर व्हायच्या आधीचं फिल्ट्रेट विसरलास तर छेद उगाच मोठा येतो. छेद शून्याच्या खाली आला तर वेळ आणि फिल्ट्रेट एकाच क्षणापासून मोजलेलं नाही, किंवा स्लज चेंबरमध्ये खाली बसतोय.

मग दुसरी बॅच ६ किलोवर. स्लज त्याच टाकीतला, पॉली तेवढीच, नाहीतर तुलनाच नाही. चढ निम्मा झाला तर केक दबत नाही. चढ तेवढाच राहिला तर एस १. साहेबांच्या कापडाचा निकालही याच कागदावर लागेल. छेद मोठा असेल तर ते म्हणतात ते बरोबर, आणि मग कापड ॲसिडने धुवायला घ्या, दुधातला कॅल्शियम असतोच.

ईटीपी_कुपवाड

केलं. दोन्ही वेळा रेष सरळ आली. ६ किलोवरचा चढ ३ किलोवरच्या साधारण नऊ-दशांश. छेद दोन्हीकडे लहान.

जुना_केमिस्ट

मग एस ०.८५ च्या घरात. कापड निर्दोष. नवीन कापडावर थोडे दिवस बरं का जातं, हा प्रश्न राहतो. माझा अंदाज, नवीन कापड लावल्यावर सगळे जपून चालवतात, दाब हळू चढवतात. नंतर घाई सुरू होते.

आता कामाचं. सगळ्यात स्वस्त सुधारणा थिकनरमध्ये आहे. फीड १ टक्का घनाचा असेल आणि केक २० टक्क्यांचा, तर १ किलो कोरड्या घनामागे ९५ लिटर पाणी केकमधून काढावं लागतं. फीड २ टक्क्यांचा केलास तर ४५ लिटर. तेवढ्याच घनाला लागणारा वेळ फिल्ट्रेटच्या प्रमाणात असतो, म्हणजे बॅच निम्म्याहून कमी वेळात. पंपावर एक रुपया न घालता. थिकनरमधून स्लज कोण, कधी, किती काढतो ते आधी बघ.

पॉली. गुच्छ मोठे आणि भक्कम झाले पाहिजेत. फनेलवर डोस कमी-जास्त करून बघ. एका डोसपर्यंत पाणी सुटत जातं, त्यापुढे परत मंदावतं, कारण जादा पॉली स्वतःच चिकट असते आणि कापडावर बसते. ज्याला वाटतं पॉली दुप्पट केली की काम दुप्पट, तो तुझ्या पंपवाल्याचा भाऊ. डोस दिल्यावर स्लज जोरात ढवळू नकोस, सेंट्रिफ्युगल पंपातून तर अजिबात फिरवू नकोस, गुच्छ फुटतात. स्क्रू पंप आहे ते चांगलं आहे, वेग कमी ठेव.

एवढ्यानेही भागलं नाही तर सांगाड्याला आधार द्यायचा. चुना आणि फेरिक क्लोराइड हा जुना मार्ग. बॉयलरची राखही चालते, साखर कारखान्यांच्या भागात बगॅसची राख मिळते, पण आधी फनेलवर लावून बघ, आणि केकची विल्हेवाट कशी लावता त्यात ती बसते का ते विचारून घे.

हिवाळ्याचं एक ध्यानात ठेव. पाणी ३० अंशावर असताना जेवढं पातळ असतं त्यापेक्षा २० अंशावर चतुर्थांशाने जास्त चिकट. डिसेंबरमध्ये रात्रपाळीची बॅच रेंगाळली की ऑपरेटरला बोल लावण्याआधी थर्मामीटर बघावा. आमचा मड गरम असायचा, आम्हाला ही भानगड नव्हती.

ईटीपी_कुपवाड

एक शेवटचं. कंपनीत मेंब्रेन प्लेटांचा विचार चाललाय. त्याही दाबच देतात ना? मग त्यांचा उपयोग होतो तो कसा?

माती_आणि_पाणी

पंपाचा दाब पाण्यातून सांगाड्यावर पोचतो, आणि बाहेरच्या तोंडाला तो कधीच पोचत नाही, पंप कितीही वेळ चालवा. मेंब्रेन म्हणजे कापडाच्या मागचा फुगणारा पडदा. फीड बंद करून ती फुगवली की चेंबरच लहान होतो आणि सगळा केक पिळला जातो. मधल्या पातळ भागावर पहिल्यांदा भार येतो आणि तिथलं पाणी निघतं. शेवटी केकभर घट्टपणा बराच सारखा होतो. पण पाणी जाणार त्याच कापडालगतच्या थरातून, त्यामुळे तो थर आधीच आवळलेला असेल तर पिळायलाही तास लागतील.

जुना_केमिस्ट

बरोबर. आणि मेंब्रेन घेतलीत तर चेंबर पूर्ण भरायची वाट बघू नका. थोडा कमी भरलेला असताना फीड बंद करून पिळायला लागायचं. रेंगाळणारा शेवटचा फीडच वाचतो.

दगडवाला_सातारा

काका, चुना घातला तर केकचं वजन वाढणार ना? ट्रॉलीचे पैसे?

जुना_केमिस्ट

वाढणारच. कोरड्या घनाच्या २५ टक्के चुना घातला तर कोरडा माल तेवढाच जास्त. पण केक २० टक्क्यांऐवजी ३० टक्क्यांचा निघाला तर १ किलो मूळ घनामागे ५ किलो केक जायचा तो ४ किलो २०० ग्रॅमच्या आत येतो. तेवढा कोरडा होत नसेल तर चुना परवडत नाही. आधी एक बॅच काढून केक ओव्हनमध्ये १०५ अंशावर वाळवा, वजन करा, मग खरेदीला सांगा.